एडिसनहून मौद्यात येणाऱ्या भाच्यासाठी गाडी चालवण्याची प्राथमिक मार्गदर्शिका

तुझ्याकडे न्यू जर्सीचं लायसन्स आहे, चौदा वर्षांचा अनुभव आहे आणि आजवर एकदाही दंड भरलेला नाही. म्हणजे मौद्याच्या हिशेबानं तू नवशिका. दिवाळीला येतोस, बायकोला मामाच्या गाडीतून रामटेक दाखवायचं म्हणतोस, तर आधी हे वाचून घे.

कागदांचं थोडक्यात. येताना तिकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आण, एक वर्ष चालतो. माथनीच्या टोलनाक्याची काळजी नको. तुमच्या ईझी-पाससारखा आमचा फास्टॅग २०२१ पासून सक्तीचा आहे आणि तो काचेवर चिकटवलेला आहे.

आता बाजू. आपण डावीकडून चालवतो, हे तुला माहीत आहे. पण हाताला माहीत नाही. तुमच्या गाडीत इंडिकेटरची दांडी स्टिअरिंगच्या डाव्या हाताला, माझ्या गाडीत उजव्या. त्यामुळे पहिले दोन दिवस तू भर उन्हात वायपर लावून वळशील. लाजू नको. आमच्याकडे इंडिकेटर पाहून कोणी जागा देत नाही, पण कोरड्या काचेवर वायपर फिरताना दिसला की सगळे बाजूला होतात.

डाव्या-उजव्याचं मूळ शोधायला इंग्रजांपर्यंत जावं लागतं, पण मला गोव्याचा किस्सा जास्त आवडतो. पोर्तुगालनं १९२८ साली आपल्या देशात उजवी बाजू धरली. गोव्यात मात्र डावीच ठेवली, कारण सीमेपलीकडचा सगळा मुलूख डावीकडून चालत होता. साम्राज्यालाही शेजारी पाहूनच गाडी हाकावी लागली. तू तेच कर. राष्ट्रीय महामार्ग ५३, ज्याला आम्ही अजून सहा नंबरच म्हणतो, त्याच्या दुभाजकातला कट असतो किलोमीटरभर पुढे आणि माणसाचं घर असतं शंभर पावलं मागे. म्हणून तुझ्या लेनमध्ये समोरून एक मोटारसायकल येईल, वर तिघे बसलेले. ते तुझ्याकडे रागानं पाहतील. तू मान खाली घालून त्यांना जाऊ दे.

डिपर. इथे नीट लक्ष दे, मागच्या वेळी तू इथेच चुकलास. एडिसनला समोरच्यानं दिवे मिचकावले की बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘तुम्ही जा’. इथे अर्थ ‘मी येतोय’. औष्णिक वीज केंद्राकडून निघालेल्या राखडीच्या ट्रकनं डिपर दिला, तू हात हलवून त्याचे आभार मानलेस आणि गाडी पुढे घेतलीस. त्या ड्रायव्हरनं ब्रेक दाबून, खिडकीतून अर्धा बाहेर येऊन जे म्हटलं, ते मी तुझ्या बायकोला भाषांतर करून सांगितलं नाही.

हॉर्नचं व्याकरण त्यामानानं सोपं. एकदा, आखूड: मी आहे. दोनदा: उजवीकडून निघालो. लांबलचक: समोर गाय आहे किंवा पुढच्याला फोन आला आहे. तुमच्याकडे हॉर्न म्हणजे शिवी. मी सहा महिने राहिलो, तीनदा ऐकला, त्यातले दोन माझ्यासाठीच होते. महाराष्ट्रात ट्रकमागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला २०१५ साली बंदी आली. बंदी लिहिण्यावर आहे, वाजवण्यावर नाही, असा अर्थ आम्ही सगळ्यांनी एकमतानं काढला.

मग चौक. तुमच्या कॉलनीतला तो चारही बाजूंना ‘स्टॉप’ लिहिलेला चौक मला अजून स्वप्नात येतो. रात्रीचे अकरा, सिग्नल नाही, पोलीस नाही, कुत्रंसुद्धा नाही, आणि तू गाडी पूर्ण उभी केलीस. मी म्हटलं, “काहून थांबला रे बापू?” तू म्हणालास, “मामा, पाटी आहे.” पाटीसाठी थांबलेला माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

गंमत अशी, की नियम दोन्हीकडे जवळपास एकच आहे. पाटी-सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावं, असं न्यू जर्सीचा कायदा सांगतो आणि आपलाही सांगतो. मौद्यात हे मी चौघांना विचारलं, चौघांनी हसून चहा पाजला. इथला क्रम आकारमानाचा: कापणीच्या दिवसांत कंबाइन हार्वेस्टर, मग राखडीचा ट्रक, मग एसटी, मग बोलेरो. तुझा नंबर त्याच्यानंतर. गाय या क्रमात धरलेली नाही, तिला कोणी विचारत नाही.

आणि हो, रस्त्यावरच्या पांढऱ्या रेघांचा विचार करू नको, त्या काढणाऱ्याच्या समाधानासाठी आहेत. पण आतल्या गावांकडे जाताना एक रेघ दिसेल ती मात्र पाळायची. तू येशील तेव्हा धानाची कापणी-चुरणे चालू असतील. डांबरी रस्त्याच्या अर्ध्या भागावर धान वाळत घातलेलं असेल आणि त्याच्या कडेनं दगड मांडलेले. ती दगडांची ओळ ट्रक ओलांडत नाही, एसटी ओलांडत नाही, दारू पिऊन घरी निघालेलासुद्धा ओलांडत नाही. सगळे एका बाजूला थांबतात, समोरच्याला काढून देतात, मग निघतात. पलीकडे बाजेवर म्हातारी बसलेली असते, ती तरी म्हणतेच, “धानावरून नको जाजो हं भाऊ.” कायद्यानं पाहिलं तर रस्ता अडवणं हा तिचाच गुन्हा. पण तुमच्या चौकातली शिस्त मौद्यात कुठे पाहायची, असं कोणी विचारलं तर मी तिथेच नेईन.

तशीच पाडव्याला. गायगोधन निघतं, गोवारी ढाल नाचवत पुढे, गाई मागे. तुमची पिवळी स्कूलबस लाल दिवे लावून उभी राहिली की दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबतात ना, अगदी तसं. हॉर्न वाजवू नको, काच खाली करून पाहा.

मोटारसायकल मागशील तर हेल्मेट घालूनच देईन. इथे ते आरशाला लटकवतात आणि आरसे शाबूत राहतात. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली शंभरातली चव्वेचाळीस दुचाकीवरची. अमेरिकेत त्याच वर्षी ४२,५१४. लोकसंख्येला भागलं तर तुमचं-आमचं जवळपास बरोबरीत निघतं, म्हणून तूही फार फुशारू नको. पण घरागणिक दोन गाड्या आणि रोजचे तुमच्याइतके मैल आमच्याकडे नाहीत, तरी बरोबरी आहे, हे मला रात्री कधी कधी झोपू देत नाही. मामीला सांगू नको.

परत गेल्यावर हे सगळं विसरावं लागेल. पहिले आठ दिवस हात हॉर्नपासून लांब ठेव, आणि समोरच्यानं दिवे मिचकावले तर घाबरू नको, जा. एक सवय मात्र मोडायची गरज नाही. तुमच्या राज्यात १९४९ पासून पेट्रोल स्वतः भरायला मनाई आहे, आता अख्ख्या अमेरिकेत तेवढं एकच राज्य उरलंय. तेव्हा मौद्यासारखाच गाडीत बसून राहा, काच खाली कर, कार्ड पुढे कर. फक्त “झिरो पाहून घ्या भाऊ” असं तिथे कोणी म्हणणार नाही. ते तूच मनात म्हण आणि पाहून घे.