पझेशनच्या आधीचं घर

मार्च जवळ आला की दिल्लीतल्या ऑफिसांमध्ये चहाच्या वेळी एकच प्रश्न फिरतो : 'कितना बचाया?' इतर महिन्यांत कुणी असं विचारलं तर आपण हवापाण्यावर बोलायला लागू. मार्चमध्ये माणसं छाती पुढे काढून उत्तर देतात. या दिवसांत हिशोबाची रीतच उलटी असते. ज्याने जास्त खर्च केला त्याने जास्त वाचवलं, असं धरतात. विमावाला, पीपीएफवाला, मुलांच्या शाळेची फी दाखवणारा, हे सगळे किरकोळ खेळाडू. गृहकर्जवाला आला की बाकीचे आपणहून सरकून त्याला जागा करून देतात.

त्याचा हिशोब मी एकदा कागदावर मांडून पाहिला. ५० लाखांचं कर्ज, ९ टक्के दर, म्हणजे पहिल्या वर्षी साधारण साडेचार लाख रुपये नुसतं व्याज. आयकर कायद्याचं कलम २४ म्हणायचं, स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरचं व्याज वर्षाला २ लाखांपर्यंत उत्पन्नातून वजा करा. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचा त्यातून उपकरासह ६२,४०० रुपये कर वाचतो. साडेचार लाख देऊन बासष्ट हजार वाचवणाऱ्याबद्दल माझ्या आजीचं काय मत झालं असतं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. ऑफिसात याला टॅक्स प्लॅनिंग म्हणतात, आणि ते शिकवायचे सी.ए. वेगळे पैसे घेतात.

'पण घर तर झालं ना!' असं कुणीही समंजस माणूस म्हणेल. ग्रेटर नोएडा वेस्टमध्ये उभं राहून हे वाक्य म्हटलंत, तर आजूबाजूचे लोक आदराने विचारतील, 'कधी?'

घर नेमकं कधी होतं, याबद्दल आमच्या एनसीआरमध्ये, म्हणजे दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या शहरांत, चार मतं आहेत. बिल्डरच्या मते ब्रोशर छापून आलं की घर झालं. त्यात तरणतलाव असतो, तलावाकाठी एक सडपातळ बाई असते आणि मागे दिल्लीच्या आकाशाला कधीच न परवडलेला निळा रंग असतो. बँकेच्या मते कर्जाचा पहिला हप्ता बिल्डरच्या खात्यात गेला की घर झालं. त्या दिवसापासून ती व्याज मोजायला बसते. आयकर खातं मात्र पक्कं नास्तिक. बांधकाम पूर्ण झाल्याशिवाय त्याचा घरावर विश्वासच बसत नाही. आणि चौथं मत आमच्या सौभाग्यवतींचं : नव्या शेगडीवर दूध उतू जात नाही, तोवर ते घर नव्हे, पावती आहे.

बँकेची तारीख आणि आयकर खात्याची तारीख यांच्यामधली जी जागा, तिथे आम्ही बरीच वर्षं राहिलो. पत्ता नोएडातला, भाड्याचा. एकीकडे घरमालकाला भाडं, दुसरीकडे न दिसणाऱ्या घराचा हप्ता. या काळातलं व्याज कायदा बुडवत नाही, असं सी.ए.नी फार गोड आवाजात सांगितलं होतं. ते साठवून ठेवायचं आणि घर पूर्ण झालं की त्या वर्षापासून पाच समान भागांत वजा करायचं. ऐकून बरं वाटलं. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, 'पण वर्षाच्या त्या २ लाखांतच बसवायचं.' म्हणजे चालू व्याज, साठलेलं व्याज, सगळं एकाच डब्यात. पाहुणे वाढले म्हणून डबा काही मोठा होत नाही. हा डबा २०१४ साली दीड लाखाचा दोन लाखांचा झाला, त्यानंतर घरांच्या किमती कुठल्या कुठे गेल्या, डबा तोच.

खरी गंमत पुढे आहे. कर्ज घेतलं त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांत बांधकाम पुरं झालं नाही, तर २ लाखांची मर्यादा ३० हजारांवर येते. पूर्वी ही मुदत तीन वर्षांची होती. सरकारने २०१६ च्या अर्थसंकल्पात ती पाचवर नेली, म्हणजे बिल्डर मंडळींचा स्वभाव सरकारलाही ठाऊक होता. तरीही उशीर बिल्डरने करायचा आणि वजावट आमची कापायची, हा न्याय मला अजून समजलेला नाही. शाळेत मागच्या बाकावरचा बोलायचा आणि पट्टी आमच्या हातावर पडायची, तेव्हाही समजला नव्हता.

आमचं दुःख तसं लहान. मोठी दुःखं जगजाहीर आहेत. आम्रपाली या बिल्डर कंपनीच्या ४२ हजारांहून अधिक ग्राहकांसाठी सर्वोच्च न्यायालयाला २३ जुलै २०१९ रोजी कंपनीची रेरा नोंदणी रद्द करून अपुरी घरं एनबीसीसी या सरकारी कंपनीकडे सोपवावी लागली. त्याआधी २०१७ मध्ये जेपी इन्फ्राटेक दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, आणि यमुनेकाठच्या हजारो कुटुंबांना कळेना की आपण या नाटकात कोण. २०१८ मध्ये कायदा बदलला आणि घर घेणाऱ्याला बँकेच्या बरोबरीने 'वित्तीय धनको' मानलं गेलं. बँकेकडून कर्ज काढून हप्त्यांखाली वाकलेला मास्तर एका सकाळी उठला, तो सावकार होऊन! इतकी झपाट्याने झालेली बढती मी दुसरी पाहिलेली नाही.

सवलतींचा स्वभाव जवळून पाहायचा असेल तर एनसीआरसारखी जागा नाही, कारण इथे नोएडा हे महानगर आहे की नाही, हे तुम्ही मालक आहात की भाडेकरू यावर ठरत आलं आहे. २०१९ साली परवडणाऱ्या घरांसाठी ८०ईईए हे कलम आलं, दीड लाखांची जादा वजावट घेऊन. त्याच साली जीएसटीसाठी परवडणाऱ्या घराची जी व्याख्या झाली, तिच्यात नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम, फरीदाबाद हे सगळे महानगरात मोडतात. म्हणून घराचं क्षेत्र ६० चौरस मीटरच्या आत हवं. पण त्याच नोएडात तुम्ही भाड्याने राहत असाल आणि घरभाडे भत्त्याची सूट मागाल, तर १९६१ च्या कायद्याच्या नियमांप्रमाणे महानगर म्हणजे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई. तिथे पगाराच्या ५० टक्क्यांचा हिशोब, नोएडाला ४०. कालिंदी कुंजचा पूल ओलांडला की घरभाडं कमी होतं हे खरं, पण सूट आधी कमी होते.

त्या ८०ईईएची एक अट होती : कर्ज मंजूर होताना तुमच्या नावावर दुसरं घर नको. आमचं गावी, रत्नागिरीकडे, एक घर आहे. म्हणजे त्याच्या उताऱ्यावर वडील, काका, आत्या आणि त्यांची पुढची पिढी अशी जेवणावळीएवढी नावं आहेत. माझ्या वाटणीला माजघराचा कोपरा आणि गळकी पडवी यांमधलं काहीतरी यावं. एवढ्याने मी घरमालक ठरतो का, यावर सी.ए. बराच वेळ छताकडे पाहत राहिले. मी निर्णय लांबणीवर टाकला. ते कलमही ३१ मार्च २०२२ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतंच होतं, त्यामुळे आमचा वाद आपोआप निकालात निघाला. पडवी अजून गळते.

सगळ्याच सवलती अशा हुलकावणी देत नाहीत. दिल्लीत आणि हरियाणात घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्क २ टक्क्यांनी कमी पडतं. उत्तर प्रदेशात १ टक्का सूट. ती बरीच वर्षं १० लाखांपर्यंतच्या मालमत्तेपुरती होती, २०२५ मध्ये मर्यादा १ कोटीवर गेली. महाराष्ट्रातही २०२१ पासून १ टक्का आहे. समाजसुधारकांनी शंभर वर्षं घसा कोरडा केला तरी ज्या घरांच्या पाटीवर बाईचं नाव लागलं नव्हतं, तिथे दोन टक्क्यांनी ते लागलं. हेतू शुद्ध नसेल, पण खरेदीखत शुद्ध असतं. आमच्या शेजारचे पंजाबी अंकल भांडणात हल्ली आवाज चढवत नाहीत. 'घर उन का है,' एवढंच म्हणतात आणि बाल्कनीत जाऊन बसतात.

घर घेणाऱ्याला असं गोंजारणं आपल्याकडेच आहे असं नाही. २००८ साली अमेरिकेत घरांचा बाजार कोसळला, तेव्हा तिथल्या सरकारने पहिलं घर घेणाऱ्याला साडेसात हजार डॉलरपर्यंत करसवलत दिली. न्यू जर्सीतला आमचा भाचा हरखून गेला. मग कळलं, ती पंधरा वर्षांत हप्त्याहप्त्याने परत करायची आहे. पुढच्या वर्षी घर घेणाऱ्यांना आठ हजार मिळाले, ते न फेडायचे. घाई केल्याबद्दल दंड घेणारं सरकार आणि बिल्डरच्या उशिराबद्दल दंड घेणारं सरकार यांत थोरलं कोण, यावर आम्ही मामाभाचे फोनवर रंगलो होतो.

अखेर आमचं घर झालं. चारही मतांनी झालं. दूधसुद्धा उतू गेलं. वजावटीची फाइल काखोटीला मारून मी सी.ए.कडे गेलो. त्यांनी संगणकावर दोन आकडे मांडले. नवी करप्रणाली २०२३-२४ पासून आपोआप लागू होणारी ठरली आहे, दर कमी आहेत, आणि माझ्यासारख्याला तीच स्वस्त पडते. 'फक्त तिच्यात राहत्या घराच्या व्याजाची वजावट नाही,' ते म्हणाले. इतकी वर्षं साठवलेलं व्याज घेऊन मी दारात पोचलो, तेव्हा खिडकी बंद झालेली होती. तेही बरंच झालं. सूट गेल्यावर प्रथमच मी त्या घराकडे निव्वळ घर म्हणून पाहिलं, आणि स्वयंपाकघरात दुपारी ऊन येतं हे लक्षात आलं. ब्रोशरमध्ये ते नव्हतं.

तरीही अर्थमंत्र्यांना एक सुचवावंसं वाटतं. १९६१ चा कायदा जाऊन २०२५ चा आला, कलमांचे आकडे बदलले, विमावाल्या-पीपीएफवाल्यांचं जुनं ८०सी आता १२३ झालं. एवढं बदललंच आहे, तर पाच वर्षांत घर झालं नाही की २ लाखांचे ३० हजार करण्याचा तो नियम कृपा करून रद्द करू नका. नियम उत्तम आहे. फक्त तो बिल्डरच्या वजावटीला लावा.