उसना मेंदू

गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा मेंदू, उडाला की नव्याचं एस्टिमेट बघून आधी मालकाचा फ्यूज उडतो. मग पावलं आपोआप मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या पार्ट्सच्या बाजाराकडे वळतात. तिथं वापरलेल्या ईसीएमची ॲल्युमिनियमची डबी मिळते, कोपऱ्यात वाळलेला चिखल, वर मार्करचा आकडा. "साहेब, ओरिजिनल! चालू गाडीचा काढलाय." चालू गाडीचा मेंदू कुणी आणि का काढला, हे विचारायचं नसतं.

डबी बसते, कनेक्टर खटकन लागतो, चावी फिरते आणि इंजिन ढिम्म. डॅशबोर्डवर इमोबिलायझरचा, म्हणजे परकी चावी अडवणाऱ्या यंत्रणेचा, दिवा लुकलुकतो. या डबीला जुन्याच मालकाची चावी ओळखीची. एवढी पक्षनिष्ठा आपल्या आमदारांतही सापडत नाही. मग लॅपटॉपवाला 'कोडिंग' करायला येतो, तुमच्या मूळ डबीच्या चिपमधला डेटा या चिपमध्ये उतरवतो आणि डबीच्या तोडीस तोड पैसे मागतो.

बरं, मूळ ईसीएम पुष्कळदा मेलेलाच नसतो. गंजलेली अर्थिंग, कनेक्टरमध्ये शिरलेलं पावसाचं पाणी, नाहीतर एखादा रिले. पण स्वस्तातल्या रोगाला मान कुठला? तेव्हा आधी अर्थिंग तपासा, पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा, आणि तुमची मूळ डबी भंगारवाल्याला देऊ नका; तुमच्या चावीची ओळख तिच्यातच आहे.