पर्जन्यराजांस अटी व शर्ती

प्रति,
माननीय पर्जन्यराज यांच्या सेवेशी,

विषय: येत्या मोसमात मुंबईतील व्यापारी संकुलाच्या आवारात कोसळताना पाळावयाच्या अटींबाबत.

सविनय सादर की, पावसाच्या पाण्याच्या निचरा व्यवस्थेची दुरुस्ती हा विषय दरवर्षी पुढील सभेकडे सोपवून झाल्यानंतर संकुलाचे व्यवस्थापन मंडळ अखेर अशा निष्कर्षाला आले आहे की, व्यवस्था पावसाच्या मापाची ठेवण्यापेक्षा पाऊसच व्यवस्थेच्या मापाचा करून घेणे अधिक काटकसरीचे ठरेल. त्यासाठी पुढील अटी नम्रपणे मांडल्या आहेत.

पहिली अट वेगाची आहे. मुंबईच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी 25 मिलिमीटर पाऊस पडेल, त्यातला निम्मा जमिनीत मुरेल आणि त्या वेळी समुद्राला ओहोटी असेल, अशा तिहेरी सौजन्याच्या भरवशावर आखलेल्या होत्या. मुंबईच्या पर्जन्यजल निचऱ्याविषयीच्या 1993 च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने हे माप ताशी 50 मिलिमीटरवर नेले आणि डांबर व काँक्रीटने झाकलेल्या शहरात पडेल तेवढे सगळे पाणी वाहणारच, असे धरायला सांगितले. म्हणजे आकडा दुप्पट झाला तरी वाहून न्यावयाचे पाणी चौपट झाले, कारण एक हेक्टर आवारातून पूर्वीच्या हिशेबाने तासाला सव्वा लाख लिटर निघत असेल, तर नव्या हिशेबाने पाच लाख लिटर निघते. पर्जन्यराजांनी जुन्याच हिशेबाने चालावे आणि 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पडण्याचा जो अतिरेक झाला, त्याची पुनरावृत्ती टाळावी, अशी मंडळाची अपेक्षा आहे.

दुसरी अट स्वच्छतेची आहे. गच्चीवरून व वाहनतळावरून आलेले पाणी जाळीतून गाळखड्ड्यात, म्हणजे माती व कचरा तळाशी बसावा म्हणून वाहिनीपूर्वी बांधलेल्या लहान हौदात, उतरते आणि तेथून पुढे वाहिनीत जाते. हा हौद वेळोवेळी उपसला नाही तर गाळ वाहिनीत शिरतो. वाहिनी निम्म्या उंचीपर्यंत गाळाने भरली की तिची वहनक्षमता निम्म्याहूनही कमी उरते, कारण वाट अरुंद होतेच, शिवाय उरलेल्या वाटेतून जाणाऱ्या पाण्याला घर्षण अधिक सोसावे लागते. खाद्यदालनातील स्वयंपाकघरांनी आपले तेलकट सांडपाणी परस्पर याच वाहिनीला जोडून दिल्याने गाळाला चिकटपणाही लाभला आहे. मोसमापूर्वी उपसलेला गाळ कंत्राटदार काठावरच रचून ठेवतो, हे खरे. परंतु पहिल्याच सरीने तो पुन्हा आत ढकलावा, हे पर्जन्यराजांच्या प्रतिष्ठेला शोभत नाही.

तिसरी अट मुरण्याची आहे. मुंबईत 2002 पासून मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींना पर्जन्यजल संधारण सक्तीचे झाले, तेव्हा दगड, खडी आणि वाळू यांचे थर असलेला शोषखड्डा संकुलातही खोदला गेला व भोगवटा प्रमाणपत्र हाती पडले. वाळूवर बारीक मातीची साय धरते आणि पाणी मुरणे थांबते, म्हणून वरचा थर खरवडून बदलावा लागतो, एवढे त्याचे शास्त्र आहे. मात्र खड्ड्याच्या झाकणावर सध्या शोभेच्या कुंड्या असल्यामुळे पर्जन्यराजांनी कुंड्यांना धक्का न लावता मुरावे.

चौथी अट तळघराविषयी आहे. तळघरात साचलेले पाणी उपशाच्या खड्ड्यात जमते, पाण्याची पातळी वाढली की तरंगता गोळा वर उचलला जाऊन पंप आपोआप सुरू होतो, आणि रस्त्यावरील तुंबलेले पाणी उलट आत येऊ नये म्हणून वाहिनीच्या तोंडाशी एकदिशा झडप असते. मंडळाच्या दप्तरी या तिन्ही वस्तू उत्तम स्थितीत आहेत. प्रत्यक्षात गोळा अडकलेला, झडप गंजलेली आणि पंपाला वीज देणारा जनित्रसंच त्याच तळघरात बसवलेला असल्यामुळे, साडेचार मीटरची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी येणार नाहीत, याची हमी समुद्राकडून पर्जन्यराजांनीच मिळवावी. 27 जुलै 2024 रोजी दिल्लीतील जुने राजिंदर नगर येथे शिकवणी केंद्राच्या तळघरात पाणी शिरून तीन विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला, हे वृत्त मंडळाच्या सभेत वाचून दाखवण्यात आले, दोन मिनिटे मौन पाळण्यात आले आणि त्यानंतर प्रवेशद्वाराच्या संगमरवराला नवी चकाकी देण्याचा ठराव एकमताने संमत झाला.

दुरुस्तीचा खर्च आणि नुकसानीचा खर्च यांची तुलना मंडळाने केलेली नाही, असे नाही. जाळ्या साफ करणे, गाळखड्डे उपसणे, पंप दरमहा चालवून पाहणे आणि झडप बदलणे हे सर्व मंडळाच्या स्वतःच्या खात्यातून जाते. आवारातून उसळलेले पाणी मात्र शेजारच्या चाळीत, समोरच्या रस्त्यावर आणि तळमजल्यावरील भाडेकरूंच्या गोदामात शिरते, आणि तो खर्च मंडळाच्या ताळेबंदात कोठेही दिसत नाही. आवाराबाहेरचा नाला महापालिकेचा असला तरी आवारातील वाहिनी मालकाची असते, ही बाब मंडळाला ठाऊक आहे. ती भाडेकरूंना ठाऊक नसावी, एवढीच काळजी घेतली जाते.

या अटी अमान्य झाल्यास घडेल त्या प्रकाराला नैसर्गिक आपत्ती म्हणण्याचा मंडळाचा हक्क अबाधित राहील. विम्याच्या दाव्याचा अर्ज सर्व तपशिलांसह भरून, सह्या करून तयार आहे. तारखेची जागा तेवढी पर्जन्यराजांच्या सोयीसाठी कोरी ठेवली आहे.

कळावे,
व्यवस्थापन मंडळाच्या आदेशावरून