परवान्यावरची बंदूक : उपयोग, चुका व पश्चात्ताप

यवतमाळ जिल्ह्यात परवान्याची बंदूक मुख्यतः दोन कारणांसाठी घेतात. वावरातले रानडुक्कर पळावे हे पहिले कारण आणि गावातला माणूस दबून राहावा हे दुसरे. अर्जात यांपैकी फक्त पहिले लिहितात. सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्यात कापूस, तूर, सोयाबीन आणि हरभरा आहे, टिपेश्वर आणि पैनगंगा ही अभयारण्ये आहेत, आणि रोही-डुकरांना तालुक्याची हद्द माहीत नाही. त्यामुळे पहिले कारण खोटे म्हणण्याची कुणाची हिंमत होत नाही. दुसरे कारण सर्वांना ठाऊक असते, म्हणून ते लिहावे लागत नाही. बंदूक बाळगणाऱ्याच्या चुका साधारणपणे त्याच्या वयाच्या क्रमाने होतात. येथेही तोच क्रम पाळला आहे.

पहिली चूक अर्जाची. १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे शस्त्र नियम यांनुसार परवाना जिल्हादंडाधिकारी देतात. अर्जदार एकवीस वर्षांचा असावा, त्याने बंदूक हाताळण्याचे प्रशिक्षण घेतलेले असावे आणि वैद्यकीय दाखला जोडावा. पोलिसांनी तीस दिवसांत अहवाल द्यावा आणि तो मिळाल्यावर साठ दिवसांत निर्णय व्हावा, असे नियम सांगतात. गृह शाखेतल्या फेऱ्यांची संख्या नियमांत दिलेली नाही. ती अर्जदाराने आपापली मोजायची असते. स्वसंरक्षणासाठी बंदूक मागणाऱ्याची अडचण आणखी वेगळी. आपल्या जिवावर कुणी उठले आहे हे त्याने पटवून द्यायचे आणि आपले कुणाशीही वाकडे नाही हेही त्याच अर्जात सांगायचे. चौकशीला आलेला जमादार शेजाऱ्यापाजाऱ्यांनाच विचारतो. त्यामुळे बंदूक हाती येण्याच्या कितीतरी आधी गावाला कळते की पाटलांना भीती वाटते. धाक बसवण्यासाठी घ्यायच्या वस्तूची सुरुवात अशी भित्रेपणाच्या सरकारी नोंदीने होते.

टिपेश्वरच्या आसपास राहणाऱ्याला आणखी एक पायरी चढावी लागते. वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आतल्या परवानाधारकाने वनखात्याकडे नाव नोंदवायचे असते, आणि त्या टापूत नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही. जेथे जनावरांचा त्रास सर्वांत जास्त, तेथेच बंदूक मिळणे सर्वांत अवघड. यात योगायोग काही नाही, कायद्याचा हेतूच तो आहे. अर्जदाराला हा हेतू अर्ज केल्यानंतर कळतो.

दुसरी चूक निवडीची. पिकांच्या राखणीसाठी कायद्याच्या मनात ठासणीची बंदूक आहे. तिच्या नळीत दारू ओतायची, वर बोळा घालायचा, छर्रे सोडायचे, गजाने ठासायचे, टोपी बसवायची आणि मग घोडा ओढायचा. हे सर्व जागलीवर, अंधारात, एका हातात टॉर्च धरून करायचे. डुक्कर एवढा वेळ थांबत नाही. ज्याची ऐपत आहे तो बारा बोअरची दुनळी घेतो. तिच्यात काडतूस चटकन भरता येते, म्हणजे चूकही चटकन करता येते. ज्याची ऐपत याहून मोठी आहे तो कानपूरच्या सरकारी कारखान्यातले पॉइंट बत्तीसचे रिव्हॉल्व्हर घेतो. डुकराच्या बंदोबस्ताला ते निरुपयोगी असते. पण दुनळी कमरेला लावता येत नाही आणि रिव्हॉल्व्हर लावता येते, हा फरक निर्णायक ठरतो. राखणीसाठी अर्ज करून पंचायत समितीच्या बैठकीला शोभेल असे हत्यार घरी आणणारे पिकाचे नुकसान पुढेही सोसत राहतात. फक्त ते आता ऐटीत सोसतात.

तिसरी चूक म्हणजे बंदूक चालवण्यासाठी असते असे समजणे. १९७२ च्या आधी जिल्ह्यातल्या जंगलात परवाना काढून शिकार करता येत असे. त्या काळचे मेलेल्या वाघावर पाय ठेवलेल्या आजोबांचे फोटो जुन्या वाड्यांच्या ओसरीवर आजही आढळतात. त्या वर्षी वन्यजीव संरक्षण अधिनियम आला आणि शिकार हळूहळू छंदाऐवजी गुन्हा ठरत गेली. आता पिकाची नासाडी करणाऱ्या जनावरालाही कलम ११ खाली परवानगी घेतल्याशिवाय मारता येत नाही. रोही आणि रानडुकराच्या बाबतीत ही परवानगी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या पातळीवर मिळावी अशी सोय राज्य सरकारने २०१५ मध्ये केली. परवानगी मिळाली, डुक्कर दिसले, नेम लागला, हे तिन्ही एकाच रात्री घडले तरी मेलेले जनावर सरकारची मालमत्ता ठरते. म्हणजे दारू शेतकऱ्याची, काडतूस शेतकऱ्याचे, झोपमोड शेतकऱ्याची आणि डुक्कर सरकारचे. जिवंत असताना मात्र त्या डुकराची मालकी सांगायला कुणीही पुढे येत नाही.

म्हणून व्यवहारात बंदुकीचा उपयोग आवाजापुरता उरतो. आकाशाकडे नळी करून एक बार काढला की कळप शेजारच्या वावरात जातो आणि शेजाऱ्याचा पंचनामा होतो. काही रात्रींनी कळपाला आवाजाची सवय होते. तोवर काडतुसे संपत आलेली असतात आणि दर काडतुसाचा हिशेब ठेवावा लागत असल्याने मालक ती डुकरांपेक्षा हिशेबाला घाबरून वाचवू लागतो. सुतळी बॉम्ब, पत्र्याचा डबा आणि बांधावर बांधलेल्या जुन्या साड्या हेच काम पोलीस अहवालाशिवाय करतात. सौर कुंपणाचा झटकाही करतो. कुंपणात थेट घरगुती वीज सोडणारे लोक मात्र या सर्वांहून मोठी चूक करतात. त्या तारेला डुक्कर, वाघ आणि पहाटे पाणी द्यायला निघालेला सख्खा भाऊ यांतला फरक कळत नाही.

चौथी चूक निवडणुकीच्या काळात लक्षात येते. आचारसंहिता लागली की परवान्याची शस्त्रे ठाण्यात जमा करून घेतात. कुणाला वगळायचे हे छाननी समिती ठरवते, आणि वगळले जाण्यासाठी पुन्हा अर्ज असतो. २०२४ चे वर्ष या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली, यवतमाळ-वाशिमचे मतदान २६ एप्रिलला झाले आणि निकाल ४ जूनला लागला. बंदूक सोडवून आणून तेलपाणी होते न होते तोच १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. मतदान २० नोव्हेंबरला आणि निकाल २३ नोव्हेंबरला. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे सोयाबीनची सोंगणी, कापसाचा पहिला वेचा, उभी तूर आणि नुकताच पेरलेला हरभरा. वर्षात ज्या दिवसांत राखणीची खरी गरज, नेमक्या त्याच दिवसांत राखणीची बंदूक ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत राहिली. डुकरांना आचारसंहिता लागू नसल्यामुळे त्यांचा प्रचार विनाअडथळा पार पडला. बंदूक जमा करताना मिळालेली पावती सांभाळणे हे बंदूक सांभाळण्याहून कठीण असते, असा अनुभवी परवानाधारकांचा निर्वाळा आहे.

पाचवी चूक प्रतिष्ठेची. बंदूक घरात आली की मालकाचे गावातले स्थान बदलते, पण त्याला वाटले होते त्या दिशेने नाही. रात्री कुठे कुत्रे भुंकले, वानरे शिरली, बिबट्याचा पाय उमटला, की दार वाजते आणि एकच वाक्य ऐकू येते : “पाटील, तुमच्यापाशी तं बंदूक हाये ना?” वाक्य प्रश्नार्थक असले तरी तो हुकूम असतो. ज्याच्याकडे बंदूक नाही तो अशा वेळी निवांत झोपू शकतो. लग्नाच्या वरातीत हाच माणूस मधोमध उभा केला जातो आणि हवेत बार काढण्याचा आग्रह होतो. शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीने आनंदाच्या भरात केलेल्या अशा बेफाम गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. आग्रह करणाऱ्या सोयऱ्यांसाठी मात्र कायद्यात वेगळे कलम नाही. बंदूक हातात घेऊन काढलेला फोटो स्टेटसला ठेवणे ही याच चुकीची नवी आवृत्ती होय. पूर्वी पोलिसांना पुरावा शोधावा लागे. आता तो आरोपी स्वतःच, गाणे लावून, प्रसिद्ध करतो.

सहावी चूक सर्वांत जुनी आणि तिच्यात विनोद काहीच नाही. घरात फुटलेल्या बहुतेक बंदुका फुटण्यापूर्वी रिकाम्या समजल्या गेलेल्या असतात. पुसताना, पाहुण्याला दाखवताना, खुंटीवरून काढताना, पोराने खेळायला घेताना त्या भरलेल्या निघतात. बंदूक नेहमी भरलेलीच आहे असे धरून चालावे, नळी कधी माणसाकडे करू नये, काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत, हे नियम दोन ओळींत मावतात. तुरीच्या पोत्यांमागे बंदूक आणि देवघरातल्या डब्यात काडतुसे ठेवणाऱ्या घरांत या दोन ओळींना जागा सापडत नाही. दसऱ्याला बंदुकीला हळदकुंकू वाहिले जाते. त्याच वेळी नळी उघडून आत पाहिले जात नाही.

सातवी चूक हौसेची, म्हणजे एकावर दुसरी आणि दुसरीवर तिसरी बंदूक घेण्याची. एका माणसाला तीन शस्त्रांची मुभा होती. २०१९ मध्ये ती एकावर आणण्याचा प्रस्ताव आला आणि अखेर दोनवर तडजोड झाली. तिसरे हत्यार वर्षभरात ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे होते. आजोबांची ठासणीची, वडिलांची दुनळी आणि स्वतःचे रिव्हॉल्व्हर यांतून कुणाला घराबाहेर काढायचे हा प्रश्न अनेक वाड्यांना पडला. निकाल बहुतेक आजोबांच्या विरोधात गेला असावा, कारण त्यांची बाजू मांडायला ते हजर नव्हते. याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली. नूतनीकरणाची तारीख विसरायला त्यामुळे आता दोन वर्षे जास्त मिळतात.

पश्चात्ताप फक्त खाजगी बंदुकीचाच होतो असे नाही. पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यात तेरा माणसांच्या मृत्यूशी जिचे नाव जोडले गेले त्या टी-१ वाघिणीला, म्हणजे अवनीला, आधी बेशुद्ध करून पकडावे आणि ते न जमल्यासच गोळी घालावी, असा आदेश होता. त्यासाठी हत्ती आले, इटालियन शिकारी कुत्री आली, मोटार लावलेला ग्लायडर उडाला आणि वाघिणीला भुलवण्यासाठी परदेशी अत्तरही शिंपडले गेले. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ ती हैदराबादहून आणलेल्या नेमबाजाच्या गोळीने मेली. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीने मोहिमेत नियमभंग झाल्याचा ठपका ठेवला. ज्यांची माणसे गेली त्या गावांत सुटकेचा निःश्वास होता आणि शहरांत निषेधाचे मोर्चे. त्या काळात त्याच पट्ट्यातल्या परवान्याच्या बंदुका आपापल्या कुलपांत होत्या. खाजगी परवानाधारकाला बार काढण्याआधी शंभर वेळा विचार करायला लावणाऱ्या सरकारनेही बार काढल्यानंतर विचार केला, एवढी नोंद येथे पुरे.

शेवटची चूक वाटणीची. बंदूक पंचवीस वर्षे बाळगून झाली किंवा मालक सत्तर वर्षांचा झाला, की ती हयातीतच वारसाकडे देण्याची सोय २०१६ च्या नियमांत आहे. त्यासाठी बाकीच्या वारसांची हरकत नसावी लागते. सातबाऱ्यावर ज्या भावांचे पटत नाही त्यांची संमती या कागदावर घेताना मालकाला बंदुकीची खरी किंमत समजते. कुणालाच नको असेल तर ती ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा होते. पण बहुधा तसे होत नाही. चाळीस वर्षांत एकही डुक्कर न मारलेल्या, निवडणुकीगणिक ठाण्यात बसून आलेल्या आणि घरच्यांची झोप उडवलेल्या त्या वस्तूसाठी दोन मुलगे भांडतात. बापाचा पश्चात्ताप वारसाहक्काने मिळत नाही. बंदूक तेवढी मिळते, आणि तिच्यासाठी अर्ज नव्याने करावा लागतो.