परदेशी मुक्काम : सहकुटुंब, सहपरिवार

(कुटुंबप्रमुखांसाठी सर्वंकष मार्गदर्शिका)

उद्देश आणि व्याप्ती

आठ दिवसांत सात देश दाखवणाऱ्या सहलींना ही मार्गदर्शिका लागू नाही. तिथे बसमधून उतरायचे, फोटो काढायचा आणि बसमध्ये चढायचे, एवढेच काम असते. संध्याकाळच्या वरणभाताची काळजी कंपनी करते. ही मार्गदर्शिका आहे ती बिनपगारी रजा घेऊन, फ्लॅट भाड्याने देऊन, बायको, मुले, आई आणि कुकर यांच्यासह परदेशात बरेच महिने संसार मांडू पाहणाऱ्या कुटुंबप्रमुखांसाठी. 'कुटुंबप्रमुख' म्हणजे ज्याच्या लॅपटॉपमध्ये सगळ्या प्रवासाची एक्सेल फाइल आहे, तो. घरातल्या इतरांचे याबाबत वेगळे मत असू शकते, पण त्यांच्याकडे फाइल नाही.

कलम १ : नव्वद दिवसांचे गणित

युरोपात राहायचे तर आधी शेंगेनचा नियम पाठ करावा. या क्षेत्रात २९ देश येतात आणि पर्यटकाला कोणत्याही १८० दिवसांत तिथे जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. नियम एका ओळीचा आहे, पण 'कोणत्याही १८० दिवसांत' याचा अर्थ जानेवारी ते जून असा नाही. रोज सकाळी उठून मागच्या १८० दिवसांकडे बघायचे, त्यांतले किती आत काढले ते मोजायचे, आणि आकडा नव्वदच्या आत भरला तरच चहा घ्यायचा. आल्याचा आणि गेल्याचा असे दोन्ही दिवस पूर्ण धरतात. विमान रात्री साडेअकराला उतरले तरी तो दिवस खर्ची पडला. पूर्वी शिक्के मोजायला निदान माणूस बसलेला असे. ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे आणि चेहरा घेऊन यंत्रच हिशेब ठेवू लागले आहे, आणि यंत्राला 'जाऊ द्या हो साहेब' म्हणता येत नाही.

दिवस मोजण्यासाठी कुटुंबप्रमुखाने एक्सेलमध्ये सूत्र तयार करावे. आमच्याकडे असे सूत्र होते. त्याखेरीज आमच्या सौभाग्यवती कालनिर्णयच्या पानामागे, जिथे एरवी दुधाचा हिशेब असतो तिथे, लाल पेनने रेघा मारत होत्या. दोन्ही हिशेबांत तफावत आढळल्यास कालनिर्णय प्रमाण मानावे. कारणे विचारू नयेत.

व्हिसाचे शुल्क प्रौढाला ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या आतल्या मुलाला ४५ आणि सहाच्या आतल्याला शून्य आहे. केवळ या सवलतीवर डोळा ठेवून कुटुंब वाढवू नये. ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमाही सक्तीचा आहे. ही रक्कम आईला सांगू नये. सांगितल्यास 'एवढे पैसे मिळणार असतील तर तिकडेच गुडघा करून घेऊ' असा प्रस्ताव येतो.

कलम २ : सामान

सामानाची यादी कुटुंबप्रमुखाने करावी आणि सामान इतरांनी भरावे. दोहोंचा परस्परांशी संबंध असेलच असे नाही.

युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे पेढे, खवा आणि साजूक तूप बाद. बाकरवडीला हरकत नाही. विमान दुबईमार्गे असेल तर आणखी एक पथ्य : संयुक्त अरब अमिरातीत खसखस निषिद्ध आहे. सिंगापुरातही आहे. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आईने अनारशांचा डबा बाहेर काढला तेव्हा कुटुंबप्रमुखाने तिला हा कायदा समजावून सांगितला. खसखस ही अफूच्या बोंडातली बी आहे, हेही सांगितले. आई डब्याकडे बघत थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "अरे, म्हणजे तुझे आजोबा दिवाळीत जेवून दुपारभर घोरायचे ते यामुळे होय?" डबा शेजारच्या काकूंकडे गेला. काकूंनी तो रिकामा परत केला नाही. त्यात चिवडा घालून दिला. चिवड्यावर कोणत्याही देशाची बंदी नाही.

कुकर न्यावा, पण त्याच्या बुडाला फ्रिजवरचे लोहचुंबक लावून पाहावे. चिकटले नाही तर तो इंडक्शनच्या शेगडीवर तापत नाही, आणि भाड्याच्या घरांतून अशा शेगड्या आता फार. मिक्सर युरोपात चालतो, फक्त पिनेचा अडॅप्टर लागतो. जपानात मात्र वीज १०० व्होल्टची. आपला २३० व्होल्टचा मिक्सर तिथे खोबऱ्याकडे बघून नुसता कण्हतो.

कलम ३ : वार पाळणे

पर्यटकाला देश कळतो तो स्थळांवरून. मुक्कामाला गेलेल्याला कळतो तो वारांवरून. कुठल्या वारी काय बंद, कुठल्या वारी कचरा, कुठल्या वारी काय खात नाहीत, एवढे समजले की देश निम्मा समजला. मराठी घराला हे शिकवावे लागत नाही. सोमवारी केस कापायचे नाहीत आणि शनिवारी तेल विकत आणायचे नाही, अशा वातावरणात वाढलेला माणूस जर्मनीत सहज रुळतो.

जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात. किराणा, भाजी, सगळे. रविवारी ड्रिल चालवायचे नाही आणि काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या पेटीत टाकायच्या नाहीत, कारण खळ्ळकन आवाज होतो. रात्री दहानंतर शांतता. म्हणून नवराबायकोचे भांडण असेल तर ते पावणेदहाला आटोपावे; उरलेले सोमवारी, दुकाने उघडल्यावर, भाजी घेता घेता पूर्ण करता येते.

महिन्याच्या दहा तारखेचेही व्रत आहे. २०२३ साली ४९ युरोंना निघालेला आणि २०२५ मध्ये ५८ झालेला देशभराचा मासिक पास लोकल, बस, ट्राम यांना चालतो, वेगवान गाड्यांना नाही. पण तो दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतो. बंद करायचा तर दहा तारखेच्या आत कळवावे लागते. हे कुटुंबप्रमुखाच्या फाइलमध्ये नोंदलेले असावे, आणि फाइल अकरा तारखेआधी उघडावी.

प्लास्टिकच्या बाटलीवर आणि डब्यावर २५ सेंट अनामत असते. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की पावती मिळते. हे कळल्यापासून आईने किल्ले आणि राजवाडे पाहणे बंद केले. बागेत बाकाखाली बाटली दिसली की तिचा गुडघा दुखत नसे. "अगं, लोक काय म्हणतील," असे कुटुंबप्रमुखाने विचारले असता तिने मनातल्या मनात हिशेब केला आणि सांगितले, "लोकांनी पंचवीस रुपये टाकून दिलेत. त्यांनी काय म्हणायचं?"

इटलीबद्दल एवढेच, की १९७५ च्या सरकारी आदेशाने तिथे प्रत्येक घरात निदान एका न्हाणीघरात बिडे असावाच लागतो. जर्मनीत टमरेल घेऊन राहिलेल्या कुटुंबाने सीमा ओलांडताच काय अनुभवले, ते मार्गदर्शिकेच्या भाषेत सांगण्यासारखे नाही. रोमन साम्राज्याबद्दल घरात आदर वाढला.

कलम ४ : आहार (अत्यंत महत्त्वाचे)

'आम्ही मांस खात नाही' हे सांगून परदेशात काहीही साधत नाही. ऐकणारा कळवळतो आणि चिकन आणतो. त्याऐवजी, 'तुमच्याकडे उपवासाला काय करतात?' असे विचारावे. हे सूत्र आईने शोधले. फाइलमध्ये ते नंतर रीतसर समाविष्ट करण्यात आले.

नव्वद दिवस संपत आल्यावर आम्ही शेंगेनच्याच व्हिशावर जॉर्जियात, तिबिलिसीला गेलो. तिथल्या ऑर्थोडॉक्स पंथात बुधवार-शुक्रवारचे आणि ईस्टरआधीचे लांबलचक उपवास असतात, त्यामुळे बऱ्याच हॉटेलांत उपवासाच्या पदार्थांची वेगळी यादी मिळते : अक्रोडाचे वाटण भरलेली वांगी, मातीच्या भांड्यात शिजवलेला लोबिओ नावाचा घेवडा, पालकाचे आणि बिटाचे अक्रोड घालून केलेले गोळे. आई खूश झाली आणि लगेच तिने धर्मशास्त्रीय हरकत घेतली. चातुर्मासात कांदा-लसूण-वांगे सोडणाऱ्या बाईपुढे उपवास म्हणून नेमकी लसूण घातलेली वांगीच आली होती. तिने घरमालकीणबाईंना फोनवरच्या अनुवादाच्या साहाय्याने आपला उपवास समजावला : साबुदाणा, बटाटा, दाणे, आणि रात्री दूध. घरमालकीणबाईंचा चेहरा पडला. त्यांनी फोन पुन्हा पुढे केला. "दूध? उपवासाला दूध?" त्यांच्यात उपवासाला दूध-लोणी-चीज काही चालत नाही. एकमेकींचे उपवास खोटे आहेत याबद्दल दोघींची खात्री पटली आणि तिथून त्यांची जी मैत्री झाली, ती आम्ही निघेपर्यंत टिकली.

घरमालकीणबाईंनी आईसाठी बटाटा घालून खिंकाली केल्या. खिंकाली दिसायला थेट उकडीच्या मोदकासारखी, फक्त पारी गव्हाची आणि आत एरवी मांस. कणकेच्या लाटीला बोटांनी चुण्या घालत शेवटी त्यांची शेंडी करायची. खाताना त्या शेंडीला धरून उचलायचे, आणि शेंडी ताटात ठेवून द्यायची. आईने ते पाहिले. "नाकाला तर तूप लावून आधी खायचं असतं," असे म्हणून तिने सगळ्यांच्या ताटांतल्या शेंड्या गोळा करून खाल्ल्या. घरमालकीणबाई अनुवाद न मागता हसल्या.

व्हिएतनाममध्येही हेच सूत्र. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले पुष्कळ बौद्ध लोक मांसमासे खात नाहीत. होई आनमध्ये आपल्या पंचांगातली पौर्णिमा बघून बाहेर पडावे. टोफू, मश्रूम, भाज्या आणि भात यांची रेलचेल असते. जपानात दाशी नावाचे माशांचे सार कशाकशात असते ते शोधणे हा पूर्णवेळ व्यवसाय आहे. त्यावर उपाय म्हणजे कोयासान. कुकाई या भिक्षूने ८१६ साली मिळवलेल्या या डोंगरावरच्या मठांत यात्रेकरूंना राहता येते. तिथल्या जेवणात मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही नाही. सकाळी अग्नीत समिधा टाकत होम होतो. त्याला गोमा म्हणतात, आणि तो मुळात भारतातूनच गेलेला. आईने तिथे दोन्ही हात जोडले आणि जेवणालाही पैकीच्या पैकी मार्क दिले.

कलम ५ : मुलांचे शिक्षण

प्रवास हीच शाळा, असे विमानतळावर मोठ्याने म्हणावे. जर्मनीत मात्र हळू म्हणावे; तिथल्या रहिवाशांना मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवण्याची मुभा नाही. गणितासाठी व्हिएतनाम उत्तम. तिथली सर्वांत मोठी नोट पाच लाख डोंगची आणि तिची किंमत दोन हजार रुपयांच्याही आत. धाकट्याने दोन नोटा मागून घेतल्या, आपण दशलक्षाधीश झाल्याचे आजोळी फोन करून कळवले आणि संध्याकाळपर्यंत तो आंब्याच्या सरबतात कंगाल झाला. चलन आणि श्रीमंती यांतला फरक पाठ्यपुस्तकात इतका स्वस्तात शिकवत नाहीत.

थोरलीने रोजनिशी लिहावी असे ठरले होते. तिने लिहिली. ती वाचायला मागू नये.

कलम ६ : नातेवाईक

जर्मनीत हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढे असतो आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे बदलली की साडेतीन. व्हिएतनाममध्ये आपण भारताच्या दीड तास पुढे, जपानात साडेतीन. हे तक्ते नातेवाईकांना पाठवू नयेत, कारण ते वाचत नाहीत. मामा फोन करायचे तेव्हाच करतात आणि 'झोपला होतास का?' असे विचारूनच सुरुवात करतात.

नातेवाईकांकडून वाद ओढवल्यास तिबिलिसीच्या जुन्या भागातली गंधकाच्या पाण्याची स्नानगृहे उपयोगी पडतात. तासाच्या हिशेबाने खोली मिळते. कुटुंब गरम पाण्यात गळ्यापर्यंत बुडाले की कोणी कोणाला बोलत नाही. आमच्याकडची शांतता आईनेच भंग केली : "वज्रेश्वरीला हे फुकट असतं."

कलम ७ : परतल्यावर

'काय काय पाहिलं?' या प्रश्नाला स्थळांची यादी द्यावी. 'बाटल्या परत केल्या' असे उत्तर कोणाला रुचत नाही. सोसायटीच्या सभेत ओल्या-सुक्या कचऱ्याचा विषय निघाल्यास एका सभेत एकाच देशाचे उदाहरण द्यावे. दुसरा देश काढल्यास सचिवपद गळ्यात पडते.

शेवटी, पुढच्या मुक्कामाची आखणी वेळेवर सुरू करावी. यंदा स्थळनिवड आईने परस्पर केली आहे : इथिओपिया. तिथले ख्रिस्ती बुधवारी आणि शुक्रवारी उपवास करतात, दूधतूपसुद्धा वर्ज्य, असे तिला तिबिलिसीच्या घरमालकीणबाईंनी फोनवर कळवले आहे. दोघी तिथेच भेटायचे म्हणताहेत. व्हिशाचे अर्ज आणि एक्सेल हे खाते पूर्ववत कुटुंबप्रमुखाकडेच आहे. कालनिर्णय मात्र नवीन आणले आहे, आणि लाल पेनही.