हौसेला मोल लावणाऱ्या तंबूवाल्यास

प्रति,
पवनाकाठचे बजेट कॅम्पिंगवाले शेठ यांस,
कुरुळी, तालुका खेड येथून स. न. वि. वि.

हौसेला मोल नसतं म्हणतात. तुम्ही ते लावून दाखवलंत. माणशी ९९९ रुपये फक्त, आणि त्या 'फक्त'च्या डोक्यावर मुंगीएवढी चांदणी. तिचा अर्थ धरणावर पोचल्यावरच कळतो.

तुमच्या व्यापारी नजरेला आधी मुजरा. आमच्या चाकण पट्ट्यात बऱ्याच जणांची सुट्टी गुरुवारी, ठेकेदाराकडच्या पोरांचा पगार दहा तारखेच्या आसपास, एका खोलीत चौघं राहणार आणि कुठे जायचं म्हटलं की आधी खिसा चाचपणार. हे आमच्या सरपंचाला नसेल एवढं तुम्हाला ठाऊक. म्हणून पगाराच्या दुसऱ्याच दिवशी मोबाइलवर तुमची जाहिरात हजर: 'तळ्याकाठी तंबू, अनलिमिटेड बार्बेक्यू, लाइव्ह म्युझिक, गुरुवार स्पेशल.' चाकण-तळेगाव रस्त्यावर कंटेनरच्या मागे रांगत, कामशेतवरून वळून आम्ही पवनानगरला पोचलो आणि तुमची चांदणी उजेड पाडू लागली.

पार्किंगचे वेगळे. शेकोटीच्या लाकडांचे वेगळे. पांघरुणाचे शंभर, आणि गादी फाटली तर म्हणून प्रत्येकी दोनशे अनामत. तळ्याकडेच्या तंबूंना 'प्रीमियम' असं नाव, त्यामुळे आमच्या तंबूच्या दारातून दिसत होता एका टेम्पोचा मागचा फाळका. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण ऐकून होतो. तुमच्याकडे मसाल्याचं बिल आलं, कोंबडीचा पत्ता नाही.

म्हणजे अगदीच नाही असं नाही. सळईला टोचलेले दोन तुकडे आले होते, बाहेरून कोळसा आणि आतून गुलाबी. सोबत बटाट्याच्या फोडी, ढोबळी मिरची आणि अननसाचा एक त्रिकोण. पुन्हा मागायला गेलो तर वाढणारा पोरगा खाली बघून म्हणाला, "दादा, अनलिमिटेड नऊपर्यंतच." घड्याळात नऊ वाजून पाच मिनिटं. त्या पोरावर राग नाही. तो त्याच मावळातला, तंबू त्यानेच ठोकलेले, भांडी त्यानेच घासायची. त्याच्या हातावर काय टेकवता, हे एकदा जाहिरातीत छापा.

आता तंबूबद्दल. एकेरी कापडाचा, वर दुसरं आच्छादन नाही, वारा जायला झरोका नाही. आत चौघांना कोंबून चेन लावली की त्यांच्या श्वासातली वाफ थंड कापडाला लागते, तिचे थेंब होतात आणि पहाटे तोंडावर गळतात. तुमचा माणूस म्हणाला, "दव आहे, निसर्ग आहे." दव बाहेर पडतं शेठ, आत पडत होता तो आमचाच श्वास, आम्हालाच परत. तेवढी एकच गोष्ट तुम्ही फुकट दिलीत.

लाइव्ह म्युझिक म्हणजे एक माणूस, एक लॅपटॉप आणि उभ्या माणसाएवढे दोन स्पीकर. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवायचा नाही, असा नियम २००० सालापासून आहे. तुमच्या काठावर तो नियम बहुधा पोहता येत नसल्याने पोचला नसावा. तुंग आणि तिकोना समोर उभे, वर लोहगड, जो २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. आणि त्यांच्या पायथ्याशी रात्री दीड वाजता 'एकच फर्माईश, शेवटची.'

सकाळी काठावर कागदी प्लेटा, बाटल्या आणि पनीरची काडी. हे पाणी पिंपरी-चिंचवडच्या नळाला जातं, शेठ. म्हणजे गिऱ्हाईक आलं ते शहरातून, आणि त्याचं खरकटं त्याच्याच घरी पोच. ही घरपोच सेवा मात्र खरोखर अनलिमिटेड. याच धरणातून शहराकडे बंद जलवाहिनी नेण्याच्या विरोधात ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर इथे आंदोलन झालं, गोळीबार झाला, तीन शेतकरी गेले. ज्या पाण्यासाठी माणसं मेली, त्यात तुमचं गिऱ्हाईक चूळ भरतं आणि तुम्ही शेजारी 'सेल्फी पॉइंट'ची पाटी लावता. बुडण्याच्या बातम्या दरसाल येतात. लाइफ जॅकेट विचारलं तर म्हणालात, "पाण्यात जायचंच नाही ना."

तुम्हाला वाटतं, स्वस्तात तंबूत राहायला आम्हाला तुम्ही शिकवलंत. अहो, कुरुळीपासून आळंदी केवढीशी लांब? ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी निघते. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला घडी घालून दिली, ती आजही मोडलेली नाही. दिंडीत भिशी भरायची, वळकटी ट्रकमध्ये टाकायची आणि चालू लागायचं. ट्रक पुढे जातो, तुम्ही पोचेपर्यंत राहुट्या उभ्या, चुलीवर आमटी उकळत असते. रथापुढे २७ दिंड्या, मागे कितीतरी जास्त, आणि प्रत्येकीची जागा ठरलेली. संध्याकाळी समाज आरतीला चोपदाराने दंड उंचावला की हजारोंचा तळ गप्प होतो. मग दिवसभरात काय हरवलं, काय सापडलं ते पुकारतात. कुणाचं पाकीट, कुणाची चप्पल. तुमच्याकडे माझ्या मित्राचा चार्जर हरवला तर उत्तर मिळालं, "आमची जबाबदारी नाही, पाटी वाचा." राहुटी वारीतही गळते, नाही असं नाही. पण गळती ही सोय आहे असं तिथे कुणी पटवत नाही.

आणि खर्चिक मुक्कामाचंच म्हणाल, तर तेही तुमच्या आधी इथे होऊन गेलं. १६६० च्या ऐन पावसाळ्यात शाहिस्तेखान चाकणच्या भुईकोटाला वेढा घालून तंबूत बसला होता. आत फिरंगोजी नरसाळा. खानाचा मुक्काम जवळपास दोन महिने लांबला. तंबूतल्या मुक्कामाची हौस अंगाशी येणारे आपण पहिले नव्हे, एवढंच समाधान.

आता तुमच्या धंद्याला मारक माहिती देतो. तळेगाव दाभाड्यात राहून सह्याद्रीचे गड पायाखाली घालणाऱ्या गो. नी. दांडेकरांना तुमच्यासारखा कुणी भेटला नसावा. त्यांची 'माचीवरला बुधा' ही कादंबरी राजमाचीची. तिथे आजही तळेगावहून लोकलने लोणावळा गाठायचं, तुंगार्लीवरून पंधरा-सोळा किलोमीटर चालायचं आणि उधेवाडीत कुणाच्या तरी ओसरीवर पिठलं-भाकरी मागायची. पावसाच्या तोंडावर गेलात तर काजवे दिसतात. पैसे थेट चूल पेटवणाऱ्या बाईच्या हातात पडतात, आणि रात्री दीड वाजता कुणी फर्माईश विचारत नाही. कचरा मात्र आपला आपण परत आणायचा, कारण घंटागाडी तिथवर येत नाही.

तुम्ही धंदा बंद करा असं मी म्हणत नाही. ९९९ च्या शेजारी उरलेले आकडेही त्याच मोठ्या अक्षरात छापा, तंबूला झरोका पाडा, दहाला स्पीकर बंद करा आणि पाण्याजवळ चार लाइफ जॅकेटं टांगा. चांदणी आकाशातली दाखवा, जाहिरातीतली काढून टाका.

आणि गादी फाटलेली नव्हती. चौघांचे अनामत आठशे रुपये येणे आहेत. नंबर तुमच्याकडे आहेच, रोज जाहिरात येते. येत्या गुरुवारपर्यंत त्याच नंबरवर पाठवावेत.

कळावे, लोभ नसला तरी चालेल.

आपला,
एक कुरुळीकर, दुसरी शिफ्ट