चांगला नकार पाहिजे

दिवाळी आमच्याकडे मे महिन्यात येते. बाहेर आंब्याचा भाव उतरत असतो, खोलीतला पंखा गरम हवा या भिंतीकडून त्या भिंतीकडे नेत असतो आणि व्हॉट्सॲपवर निवेदनं फिरायला लागतात: दिवाळी अंकासाठी साहित्य पाठवण्याचे आवाहन. कथा स्वतःची हवी, अप्रकाशित हवी, अडीच हजार शब्दांच्या आत हवी आणि ३० जूनपूर्वी पोचायला हवी. शेवटची ओळ ठळक असते. निवड झाल्यास कळवण्यात येईल, कृपया फोन करून चौकशी करू नये. बाकीच्या सगळ्या अटी पाळता येतात. ही पाळताना जीव जातो.

का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हा आपण मराठी पोरांच्या किती पिढ्यांच्या उन्हाळी सुट्ट्या नासवतोय याची त्यांना कल्पना नसणार. त्यांनी सुरू केलेली रीत अशी टिकली की आज दरवर्षी शेकडो अंक निघतात. शेकडो अंक, प्रत्येकात काही कथा, म्हणजे त्यात आपली एक कुठेतरी सहज बसेल, असं गणित मांडून मी या धंद्यात उतरलो. गणितात मला कधीच मार्क नव्हते, म्हणून तर एम. ए.ला मराठी घेतलं.

एम. ए.ला मराठी घेतलं की कथा लिहिता येते, असं आमच्या गावात अजूनही मानतात. अभ्यासक्रमात कथेचा सगळा वंशवेल आहे. हरिभाऊ आपट्यांच्या 'करमणूक'मधल्या स्फुट गोष्टी आहेत, त्यापुढे ना. सी. फडके आहेत. फडक्यांचं 'प्रतिभासाधन' १९३१चं. ते वाचून वाटलं, अरे, हे तर सोपं आहे. वाचकाला सुरुवातीलाच धरायचं, गुंता वाढवत न्यायचा आणि शेवटी सोडवायचा. मी धरलं, वाढवला, पण सुटेना. कथेतली आत्या कऱ्हाडला संगमापाशी उभी राहिली ती तिथून हलायलाच तयार नव्हती. सुदैवाने अभ्यासक्रमाच्या पुढच्याच प्रकरणात गंगाधर गाडगीळ आले आणि कळलं की गुंता सोडवायलाच पाहिजे असं काही नाही, मनातला गुंता हीच कथा. फसलेली फडकेछाप गोष्ट एका रात्रीत नवकथा झाली. फक्त शेवटची दोन पानं काढावी लागली.

नोट्स काढताना मात्र एक गोष्ट खटकत होती. गाडगीळ अर्थशास्त्राचे प्राध्यापक. अरविंद गोखले शेतकी कॉलेजात शिकवायचे. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवायचे. व्यंकटेश माडगूळकर पुणे आकाशवाणीवर ग्रामीण कार्यक्रमांचं काम बघायचे. मराठी शिकवून पोट भरणारा यांत एकही सापडेना. ही शंका मी वर्गात विचारली. सरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "म्हणून तर त्यांच्यावर प्रश्न काढायला आपण आहोत."

मग कार्यशाळा केली. शनिवार-रविवार, शुल्कात चहा, पोहे, दुपारचं जेवण आणि प्रमाणपत्र. मार्गदर्शक म्हणाले, डोळे मिटा आणि लहानपणीचा एखादा वास आठवा. निम्म्या लोकांना पहिल्या पावसात भिजलेली माती आठवली, उरलेल्यांना आजीची गोधडी. आमच्या आजीच्या गोधडीला डांबरगोळ्यांचा वास यायचा, तो मी लिहिला. "प्रामाणिक आहे, पण साहित्यिक नाही," असं मत पडलं. दुपारच्या सत्रात त्यांनीच सांगितलं की लेखकाकडे सगळ्यात आधी प्रामाणिकपणा पाहिजे. मध्ये जेवण झालं होतं, जेवणात बासुंदी होती, त्यामुळे कोणी हिशेब मागितला नाही.

तरी तिथे एक विद्या पदरात पडली. संवाद मोठ्याने वाचायचे. माझ्या शेजारी बसलेल्या मुलाच्या कथेतला ट्रॅक्टर ड्रायव्हर मालकाला म्हणत होता, "दादा, माझ्या अंतर्मनात एक अनामिक हुरहुर दाटून आली आहे." हे त्याने सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात वाचायला घेतलं आणि तिसऱ्या शब्दाला स्वतःच खाली बसला. मी माझी वही हळूच पिशवीत सरकवली.

कथेला पहिले वाचक घरचे मिळतात. ते वाचत नाहीत, ओळखपरेड घेतात. आईने दोन पानं उलटली आणि विचारलं, "ही वन्संच ना रे?" मी म्हटलं, ती काल्पनिक आत्या आहे. आईने कथा तशीच काल्पनिक आत्याकडे पाठवून दिली. दुसऱ्या दिवशी आत्याचा फोन. मी कथेत तिला मारून टाकलं होतं, त्यामुळे फोन उचलताना हात थरथरत होता. पण तिची तक्रार वेगळीच निघाली. "मारलंस ते मारलंस, माणूस काय कायमचा आलाय का? पण सरकारी दवाखाना कशाला? तुझ्या काकांनी मला कधी सरकारीत नेलं होतं?" पुढच्या खर्ड्यात आत्या खाजगी दवाखान्यात वारली. कथेतली गरिबी त्यामुळे जराशी डळमळीत झाली, पण नाती टिकली.

पुण्यात मी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो. खोलीत चार कॉट, बाकी तिन्हींवर एमपीएससी. त्यातला एक जण माझ्या कथा वाचतो, कारण मेसचा डबा येईपर्यंत त्याला अभ्यास करवत नाही. त्याने ही कथा वाचताना पेन्सिलने एक ओळ अधोरेखित केली. मी हरखून विचारलं, "आवडली?"

"नाही रे. कृष्णा आणि कोयनेचा संगम कऱ्हाडला. यावर प्रश्न येऊ शकतो."

कथा लिहून झाली की पाठवायची असते आणि इथे फडके, गाडगीळ कोणीच कामाला येत नाहीत. इथे फॉन्ट लागतो. काही अंकांना युनिकोड चालतो. काहींचा डीटीपीवाला श्रीलिपीशिवाय कशाला हात लावत नाही. काहींना वर्डची फाइल पाहिजे, पीडीएफ चालणार नाही. काहींना पीडीएफच पाहिजे, शिवाय पासपोर्ट फोटो, अल्पपरिचय आणि कथा स्वतःचीच असल्याचं हमीपत्र. मी एका कन्व्हर्टरमधून कथा या फॉन्टातून त्या फॉन्टात नेली आणि बाहेर आली तेव्हा तिच्यातला प्रत्येक अर्धा र गळून पडला होता. 'शेतकऱ्याच्या'चं 'शेतक-याच्या' झालं, 'दुसऱ्या'चं 'दुस-या'. माझ्या कथेत शेतकरी, म्हातारे आणि किनारे भरपूर, त्यामुळे पानभर आडव्या रेघा. वर्गातल्या एका हुशार मुलीने विचारलं, "शब्द मधेच तोडण्यामागे काही प्रयोग आहे का?" मी म्हणालो, "विस्थापन सूचित होतं." तिने ते वहीत लिहून घेतलं.

पाठवल्यावर काय होतं? काही होत नाही. व्हॉट्सॲपवर दोन निळ्या टिका उमटतात आणि जगात शांतता पसरते. जुलै जातो, गणपती येऊन जातात, नवरात्र बसतं. आपली कथा पडली की निघाली हे कळण्याचा एकच मार्ग उरतो. ऑक्टोबरात अप्पा बळवंत चौकात जाऊन अंक उघडायचा आणि अनुक्रमणिकेवरून बोट फिरवायचं. दुकानदार म्हणतो, इथे उभं राहून वाचू नका, घ्यायचा तर घ्या. म्हणजे नकारही विकत घ्यायचा, आणि अंकांच्या किमती हल्ली बघण्यासारख्या आहेत.

एकदा होकार आला. फोनवरचे गृहस्थ अत्यंत अगत्याने बोलले. माझी कथा निवड समितीला फारच भावली होती. अंकाच्या पाच प्रती सवलतीच्या दरात मी घ्याव्यात, एवढीच अपेक्षा होती. मी खूश होऊन विचारलं, त्यांना शेवट कसा वाटला? थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाले, "कथेचं नाव काय म्हणालात?"

मी प्रती घेतल्या नाहीत. कथाही छापली नाही. त्या दिवसापासून मला होकाराबद्दल फारसं आकर्षण उरलं नाही. मला नीट वाचून दिलेला एक नकार पाहिजे होता.

ही इच्छा मी सरांना सांगितली, तेव्हा त्यांनी घरी बोलावून कपाटावरची ट्रंक काढायला लावली. सर तरुणपणी कथा लिहायचे, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. त्या काळी कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून, सुवाच्य अक्षरात कथा लिहायची आणि सोबत तिकीट लावलेलं, स्वतःचा पत्ता घातलेलं पाकीट जोडायचं. नकाराचा टपालखर्चसुद्धा लेखकाचाच. पोस्टकार्ड आलं तर स्वीकारली, जाड पाकीट आलं तर साभार परत. सरांच्या गावच्या पोस्टमनला हे माहीत झाल्यामुळे आधी गल्लीला कळायचं, मग सरांना. सरांनी मला छापून आलेल्या कथा दाखवल्याच नाहीत. त्यांनी दाखवलं ते एका मासिकाच्या संपादकाचं पत्र. कागद पिवळा पडलेला, दोन्ही बाजूंनी बारीक अक्षर, आणि त्यात ही कथा का छापता येत नाही याची चर्चा. लग्नाचा अल्बम दाखवतात तसं सरांनी ते पत्र हातात न देता धरूनच दाखवलं.

'सत्यकथा' मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन तर अशा पत्रांसाठीच ओळखले जात. काय खटकलं, कुठे सैल पडलं, कुठे पुन्हा लिहून बघता येईल, हे नवख्या पोरालाही सविस्तर कळवायचं. मधल्या वेळात पटवर्धनांनी 'पाडस'सारखा अनुवाद कधी केला, हा मला पडलेला स्वतंत्र प्रश्न आहे. १९८२ मध्ये 'सत्यकथा' बंद झाली. त्याआधी, १९६९ मध्ये, लघुअनियतकालिकांच्या तरुणांनी तिच्या अंकाची होळी केली होती. आमच्या अभ्यासक्रमात ही घटना विद्रोह या मथळ्याखाली येते आणि सहसा मोठ्या मार्कांना विचारतात. विद्रोह होताच. तरी मला त्यात थोडी चैनही दिसते. समोर कोणीतरी ठामपणे उभं असलं तर त्याच्यावर चिडता येतं, होळीला हाताशी काहीतरी लागतं. मी काय पेटवू, दोन निळ्या टिका?

अर्थात संपादकांचीही बाजू आहे, आणि ती माझ्यापेक्षा जड आहे. बरेचसे अंक एकच माणूस काढतो. तोच कथा वाचतो, तोच मुद्रितं तपासतो, तोच चित्रकाराच्या मागे लागतो, शेवटी गठ्ठे बांधून पोस्टातही तोच जातो. शिवाय अंक चालतो जाहिरातींवर. ज्याला भर ऑगस्टात मलपृष्ठाच्या जाहिरातीसाठी पतसंस्थेच्या चेअरमनच्या दारात ताटकळायचं आहे, त्याने माझ्या दुसऱ्या परिच्छेदावर पत्र कधी लिहायचं? हे मला पटतं. पटतं आणि तरी रात्री फोन उचलून मी टिका बघतो.

आणि मग सप्टेंबरात, मेसच्या रांगेत उभा असताना, अनोळखी नंबरवरून फोन आला. खानदेशातल्या एका छोट्या अंकाच्या संपादिका बोलत होत्या. नमस्कार वगैरे न करता म्हणाल्या, "तुमची आत्याची कथा मी घेत नाहीये."

माझ्या मागच्याने मला पुढे ढकललं. मी रांग सोडून जिन्यात जाऊन बसलो.

"आत्या दवाखान्याची पायरी चढते ना, तिथे कथा संपली," त्या म्हणाल्या. "पुढचा परिच्छेद तुम्ही मला समजावून सांगायला लिहिलाय. मी एवढी ढ वाटते का तुम्हाला?"

मी नाही म्हणालो.

"आणि पान दोनवर तिच्या हातात एक पिशवी आहे. संगमावर आहे, एसटीत मांडीवर आहे. दवाखान्यात कुठे गेली? मला काल रात्री झोप नाही त्या पिशवीपायी. काय होतं तिच्यात?"

मला माहीत नव्हतं. इतके महिने ती पिशवी माझ्या आत्याच्या हातात होती आणि आत काय आहे हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. मी तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आधी ते शोधा. आणि दवाखाना खाजगी का केलात? ही बाई खाजगीत जाणार नाही." मग कोणाची तरी बेल वाजली, कोणीतरी प्रुफं घेऊन आलं असावं, आणि त्यांनी फोन ठेवला.

मी घरी फोन लावला. आईने आनंदाने विचारलं, "छापणार?" मी म्हटलं, नाही. "मग एवढा हसतोयस कशाला?" तिने फोन बाबांकडे दिला. बाबा म्हणाले, "पैसे वगैरे पाहिजेत का?"

खोलीवर आलो तेव्हा आमचा एमपीएससीवाला नव्या उत्तरतालिकेशी आपली उत्तरं ताडून बघत बसला होता. पेठेत त्या आठवड्यात सगळ्यांचे चेहरे सारखेच होते.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"गेली."

त्याने पेन्सिल खाली ठेवली. या विषयातला तो जाणकार. "कितीने?"

"एका परिच्छेदाने. आणि एका पिशवीने."

त्याने गंभीरपणे विचार केला. "परिच्छेदाचं सोड, तो गेलाच," तो म्हणाला. "पिशवीवर मात्र हरकत नोंदव. प्रश्न रद्द होऊ शकतो."